जमाखर्चाची वही

कर्जात बुडालेला माणूस धर्मगुरूंच्या दारी येतो, तेव्हा तो कर्जाचे नाव सहसा काढीत नाही. कोणाला शिफारसपत्र हवे असते, कोणाला मुलाच्या फीमध्ये सवलत हवी असते, तर कोणी ‘घरात शांती नाही, फादर, प्रार्थना करा’ एवढेच सांगून उठतो. कर्ज हा शब्द ओठांवर यायला फार वेळ लागतो. कित्येकदा तो येतच नाही.

२०२१ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एका सायंकाळी धर्मग्रामातील एक दांपत्य आमच्या कार्यालयात आले. त्यांची हकीकत येथे सांगण्यास त्या दोघांनी आम्हांस अनुमती दिली आहे आणि ती पापनिवेदनातली नव्हे, हे प्रथमच नमूद करतो. गृहस्थ मुंबईत नोकरीला. पत्नी घरी शिवणकाम करणारी, हंगामात वाडीतील फुले विकणारी. थोरली मुलगी विवाहित, धाकटा मुलगा शिकणारा. आमच्या धर्मग्रामात अशी घरे घरोघर आहेत.

“फादर, एक पत्र हवं होतं,” गृहस्थ म्हणाले. “पतपेढीत नवीन कर्जासाठी अर्ज करतोय. जुनी देणी एकदा मिटवून टाकतो.”

पत्र लिहिण्यासाठी आम्ही कागद पुढे ओढला आणि सहज विचारले, “जुनी देणी एकूण किती?”

त्यांनी आकडा सांगितला. पत्नीने तो ऐकला, नवऱ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, “कार्डाचं एवढं आहे, हे मला माहीत नव्हतं.” थोडा वेळ कोणीच बोलले नाही. त्यानंतर तीच पुन्हा बोलली, “माझ्या भावाकडून मी साठ हजार घेतलेत. ते यांना माहीत नाहीत.”

एका छपराखाली, एका ताटात जेवणारी ती दोन माणसे परस्परांना न सांगता वेगवेगळे ओझे वाहत होती. आमच्या टेबलावर त्या दिवशी प्रथमच दोन्ही बेरजा एकत्र झाल्या. पतपेढीचे कर्ज २,४०,००० रुपये. सोनेतारण कर्ज १,५०,०००. क्रेडिट कार्डाची थकबाकी १,२०,०००. भावाचे हातउसने ६०,०००. एकूण ५,७०,००० रुपये.

हे कर्ज झाले कशापायी, हे आम्हांला विचारावे लागले नाही. २०२०च्या जानेवारीत त्यांच्या मुलीचा विवाह आम्हीच लावला होता. मांडव, हॉल, ब्रास बँड, जेवणावळी, सारे काही साग्रसंगीत झाले. व्यासपीठावरून चार शब्द बोलताना ‘आईवडिलांनी काही कमी पडू दिले नाही’ असे कौतुकही आम्ही केले होते. दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली, गृहस्थांचा पगार काही काळ निम्म्यावर आला आणि घरखर्च कार्डावर चालू लागला. आमच्या कौतुकाचे ते शब्द त्या सायंकाळी आमच्याच कानांत कडवट वाजले.

आणि त्याबरोबर आठवली आमच्या आईची वही.

आमची धर्मगुरुदीक्षा १९९७ साली झाली. गावात पहिली मिस्सा मोठ्या थाटाने साजरी झाली. अंगणात मांडव पडला, पाहुण्यांच्या पंगती उठल्या, वडिलांची छाती अभिमानाने भरून आली. तो दिवस देवाची देणगी म्हणून आम्ही जन्मभर जपला. त्या दिवसाचा खर्च कोठून आला, हा प्रश्न आमच्या मनात कधी उद्भवला नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना व्याजाविषयी मध्ययुगीन पंडितांनी घातलेले वाद आम्ही वाचले होते, त्यांवर परीक्षेत उत्तम गुणही मिळविले होते. स्वतःच्या घरचा हिशेब मात्र कधी वाचला नाही.

आई २००९ साली देवाघरी गेली. तिची ट्रंक आवरताना शाळेच्या जुन्या वह्या हाती लागल्या. मागच्या कोऱ्या पानांवर तिने घरखर्च लिहिला होता. एका पानावर शीर्षक होते, ‘फादरांच्या मिस्सेचे कर्ज’. पोटच्या मुलाला तिने वहीतही ‘फादर’च म्हटले होते. पतपेढीकडून घेतलेले ३५,००० रुपये, महिना ७४० रुपयांचा हप्ता, एकूण ७२ हप्ते. प्रत्येक हप्त्यापुढे तारीख होती. त्याच पानाच्या डोक्यावर, पहिल्या हप्त्याच्याही आधी, तिने एक ओळ लिहिली होती : ‘दूध एक लिटरऐवजी अर्धा.’

मग आम्हांला उमगले. सुट्टीत घरी गेलो की आम्हांला दुधाचा चहा मिळत असे आणि आई स्वतः कोरा चहा घेई. विचारले तर म्हणे, “मला दूध पचत नाही.” आम्ही ते खरे मानले. इतकेच नव्हे, तर कोरा चहा प्रकृतीला चांगला, असे शहाणपणही तिला शिकविले. शेवटचा हप्ता २००३ साली फिटल्याची नोंद आहे. त्यानंतरच्या पानांवर आम्ही दुधाची नोंद शोधली. दूध अर्ध्या लिटरवरच राहिले होते. सहा वर्षांत तिला त्याची सवय झाली असावी.

त्या सायंकाळी कपाटातून ती वही काढून आम्ही त्या दांपत्यापुढे ठेवली. पत्र लिहिले नाही. “एक महिना असा जमाखर्च लिहा. दोघांनी एकाच वहीत लिहा. मग या, पत्राचे पाहू,” एवढेच सांगितले.

येथे कोणी जाणकार वाचक आक्षेप घेईल. जबर व्याजाचे कर्ज कमी व्याजाच्या कर्जाने फेडणे हे व्यवहाराला धरूनच आहे, मग पत्र का अडविले? आक्षेप रास्त आहे. परंतु हंड्याला भोक कोठे आहे हे न पाहता त्यात नवे पाणी ओतले, तर हंडा पुन्हा रिकामाच होतो. कार्ड एकदा कोरे झाले की ते पुन्हा वापरात येते आणि मग जुन्या देण्याजागी दोन देणी उभी राहतात. शिवाय नव्या कर्जाला जामीनदार हवा. म्हणजे आणखी एका नातेवाइकाच्या दारात जाणे आले.

नोव्हेंबरअखेर ती दोघे वही घेऊन आली. घराची मिळकत ५०,००० रुपये होती : पगाराचे ४२,०००, शिवण आणि फुलांचे ८,०००. त्यातून कर्जापोटी १५,७०० जात होते : पतपेढीचा हप्ता ८,२००, सोनेतारणाचे निव्वळ व्याज १,५०० आणि कार्डाची किमान देय रक्कम ६,०००. उरत होते ३४,३००. घरखर्च पंचवीस हजारांच्या आसपास असेल, अशी दोघांची समजूत होती. वहीने सांगितले, ३८,९००. दरमहा ४,६०० रुपयांची तूट पडत होती आणि ती निमूटपणे कार्डावर चढत होती.

कार्डाचे गणित तर आम्हांलाही नव्याने शिकावे लागले. त्या कार्डाचे व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे सालीना ४२ टक्के. १,२०,००० वर महिन्याचे व्याज ४,२०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ७५६. गृहस्थ दरमहा ६,००० भरून निश्चिंत होत. त्यांतील ४,९५६ व्याजाकरात जात आणि मुद्दल फिटत असे अवघे १,०४४ रुपये. त्याच महिन्यात ४,६०० ची नवी खरेदी कार्डावर झाली, की देणे घटण्याऐवजी वाढे. ‘किमान देय’ हे शब्द ऐकायला दयाळू वाटतात. वास्तविक, तेवढेच भरणाऱ्याला ते कर्जाबाहेर पडू देत नाहीत.

मग तिघांनी बसून खर्चाची एकेक ओळ वाचली. किराणा, भाजी, मासळी, दूध १३,४००. वीज, गॅस, फोन, टीव्ही ४,६००. प्रवास आणि पेट्रोल ४,९००. मुलाची फी व शिकवणी ४,०००. औषधे १,८००. बाहेरचे खाणे ३,६००. अहेर, वाढदिवस, पार्ट्या ५,१००. किरकोळ १,५००. आगमनकाळापूर्वीचा लग्नसराईचा महिना होता तो. पाच ठिकाणी पाकिटे गेली होती. आपण कर्जात असताना दुसऱ्याच्या, बहुधा कर्ज काढूनच केलेल्या, समारंभात कर्ज काढून अहेर करायचा, हे चक्र कागदावर पाहताना तिघांनाही हसू आले आणि लाजही वाटली.

कोठे काटायचे, हे ठरविण्याची वेळ आली, तेव्हा माऊली सवयीने म्हणाली, “माझं दूध बंद करते, आणि दुपारची मासळी मला नको. मी भातावर कालवण घेईन.”

आम्ही तिला थांबविले. आईच्या वहीतले ते पान पुन्हा उघडून दाखविले. काटकसर म्हटली की आपल्या घरांत ती आधी कोणाच्या ताटात शिरते, हे आपण सारे जाणतो आणि त्याविषयी बोलत नाही. कर्ज सर्वांच्या नावाने होते आणि फेडते एकटीच. ते उघड नसते म्हणून तिचा त्याग कोणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून दुसरा कोणी हात लावीत नाही. म्हणून आम्ही एक नियम घालून दिला : कपात केली, तर ती कोणाच्या वाट्याची हे नावानिशी वहीत लिहायचे आणि सर्वांत मोठी कपात सर्वांत मोठ्या खर्चिकाची असायची.

त्या नियमाने वही लिहिली, तेव्हा चित्र पालटले. गृहस्थांनी स्टेशनपर्यंतची मोटरसायकल सोडून बस धरली : १,५००. बाहेरचे खाणे महिन्यातून एकदाच : ३,०००. अहेराला एकच ठरीव रक्कम, जवळच्याच घरी, आणि पार्ट्यांना नम्र नकार : ३,६००. मुलाने फोनचे मोठे पॅकेज आपणहून सोडले आणि टीव्हीच्या निम्म्या वाहिन्या बंद झाल्या : १,०००. किराण्याची यादी महिन्यातून एकदाच : १,०००. किरकोळीतून ५००. बेरीज झाली १०,६००. फी आणि औषधे यांना हात लावला नाही. दूध होते तेवढेच राहिले.

घरखर्च २८,३०० वर आला आणि कर्जासाठी २१,७०० मोकळे झाले. ज्याचे व्याज जबर, ते कर्ज आधी फेडायचे, हा सरळ नियम. कार्डात दरमहा ११,००० जाऊ लागले. पहिल्याच महिन्यात मुद्दल ६,०४४ ने उतरले. भरणा दुपटीहून कमी वाढला होता, परंतु मुद्दल जवळपास सहापट वेगाने फिटू लागले. कार्ड त्यांनी घरी कात्रीने कापले.

एका बाबतीत मात्र आम्ही गणिताच्या विरुद्ध गेलो. मेव्हण्याच्या साठ हजारांना व्याज नव्हते. हिशेबाने ते देणे सर्वांत शेवटी यायला हवे. परंतु त्या पैशापायी माऊलीने दीड वर्ष माहेरी पाऊल टाकले नव्हते. ते व्याजच होते, फक्त रुपयांत मोजता येत नव्हते. म्हणून दरमहा १,००० रुपये भावाच्या हाती नेऊन द्यायचे ठरले. रक्कम अल्प होती. पण पहिला हजार घेऊन ती माहेरी गेली आणि रात्री तेथेच जेवून आली, असे तिनेच आम्हांस सांगितले.

आणखी एक गोष्ट अवघड गेली. लग्नापायी झालेले कर्ज मुलीला कळू नये, असा आईवडिलांचा हट्ट होता. “तिला वाईट वाटेल, फादर.” आम्ही सांगितले, “आम्हांलाही कोणी कळविले नव्हते. कळले तेव्हा फेडायला आई उरली नव्हती.” अखेर त्यांनी मुलीला सांगितले. ती रडली, रागावलीही. ‘मला एकदा विचारायचं तरी,’ हा तिचा प्रश्न होता आणि त्याला आईवडिलांपाशी उत्तर नव्हते. त्या मांडवात उभे राहून कौतुक करणाऱ्या आमच्यापाशीही नव्हते.

सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. २०२२च्या पावसाळ्यात गृहस्थांच्या वडिलांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि तीन महिने कार्डात फक्त किमान रक्कम गेली. आजारपणासाठी वेगळी तरतूद योजनेत नव्हती, ही चूक आमचीच. बिलाचा काही भार त्या वेळी मुलीने व जावयाने उचलला. तिला आधी सांगितले नसते, तर तेही बिल कार्डावरच चढले असते. पुढे कार्ड मिटल्यावर दरमहा १,००० रुपये आजारपणासाठी बाजूला पडू लागले. ज्यांना ही वाट धरायची आहे, त्यांनी ही तरतूद पहिल्याच महिन्यापासून करावी, मग ती पाचशेची का असेना.

कर्जाचा प्रश्न आपल्या धर्मसभेला नवा नाही. इटलीतील पेरुजा येथे १४६२ साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गरिबांना वस्तू तारण ठेवून माफक दराने कर्ज देणारी पेढी निघाली. अशा पेढ्यांनी खर्चापुरते शुल्क घ्यावे की नाही यावर बराच वाद झाला आणि १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने त्यांना मान्यता दिली. आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर १९०९ साली छोटानागपुरात फादर हॉफमन या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी सावकारी पाशातील आदिवासींसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. १९१८ साली वसईत मोन्सेनियर मोनीस यांनी पतपेढी स्थापन केली, तिचीच पुढे बँक झाली. या मंडळींनी कर्जाचा नुसता निषेध केला नाही. बचत, हिशेब आणि एकमेकांची हमी या तीन गोष्टी त्यांनी लोकांच्या हाती दिल्या. पतपेढ्या आपण टिकविल्या. घरची वही मात्र मागे पडली.

सर्वच कर्जे उधळपट्टीतून होत नाहीत, हे आम्ही जाणतो. एखाद्या घरी दुर्धर आजार येतो, एखाद्याची नोकरी जाते, एखाद्याची मिळकतच पोटाला पुरत नाही. तेथे काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तेथे धर्मग्रामाने आणि शेजाऱ्याने हात पुढे करायचा असतो. परवान्याशिवाय सावकारी करून कोणी लुबाडत असेल, तर २०१४ सालच्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार सहकार खात्याच्या निबंधकांकडे दाद मागता येते. ती मागण्यात कमीपणा नाही. परंतु मदत मागायची, तरी किती हवी हे ठाऊक असावे लागते. बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेतो, असा दाखला प्रभूने दिला आहे. त्यातील ‘बसणे’ आम्हांला आता अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या घरांतून बसणेच होत नाही.

२०२२ साली आमच्या धर्मगुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली. धर्मग्रामाच्या मंडळींनी मोठा सोहळा योजला होता, वर्गणीचा आकडाही ठरला होता. आम्ही मिस्सेनंतर सभागृहात सर्वांसाठी चहा ठेवावा, एवढेच सुचविले. काहींना ते रुचले नाही. ‘फादर, लोक काय म्हणतील?’ असे एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले. आमच्या वडिलांनीही १९९७ साली बहुधा हाच प्रश्न स्वतःला विचारला असेल. तेव्हापासून विवाहाची नोंद करायला येणाऱ्या वधूवरांना आणि त्यांच्या आईवडिलांना आम्ही एकत्र बसवतो आणि कोरा कागद पुढे ठेवून विचारतो, लग्नाचा खर्च किती आणि तो कोठून येणार? काही घरे नाराज होतात. काही घरे कागद घरी घेऊन जातात. व्यासपीठावरून समारंभाच्या थाटाचे कौतुक करणे आम्ही सोडले आहे.

ते दांपत्य २०२४च्या नाताळाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा कार्यालयात आले. पतपेढीचा शेवटचा हप्ता फिटला होता, दागिने सोडवून झाले होते, मेव्हण्याचे पैसे पोचले होते. तीन वर्षांत वह्या चार भरल्या होत्या. गृहस्थांनी विचारले, “आता बंद करायला हरकत नाही ना, फादर?” आम्ही उत्तर देण्याआधीच माऊली म्हणाली, “वही चालूच राहू दे. तिच्यामुळे हे माझ्याशी बोलतात.”

वाचकहो, आपल्या घरी अशी वही असेल, तर ती आज रात्री जेवणानंतर सर्वांसमोर उघडा. नसेल, तर मुलांच्या जुन्या वहीची मागची पाने पुरेशी आहेत. पहिल्या पानावर देणी लिहा, एकही न लपविता. आणि त्या घरात कोणी कोरा चहा घेत असेल, तर तो का घेते, हे एकदा विचारा.